पानावरचा तक्ता वहीत कसा उतरला

दुबई आणि शारजा यांच्या सीमेवर अल नहदा नावाच्या दोन वस्त्या एकमेकींना खेटून आहेत. एक दुबईत मोडते, दुसरी शारजात. भारतीय कुटुंबांची इथे दाट वस्ती आहे. १ जानेवारी २०१८ रोजी अमिरातीत ५ टक्के व्हॅट लागू झाला आणि इथल्या व्यापारी कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्यांचं एक काम वाढलं. बिल परकीय चलनात असेल तर कर दिरहममध्ये दाखवायचा आणि त्यासाठी मध्यवर्ती बँकेचा त्या तारखेचा दर धरायचा. डॉलरची अडचण नाही, तो ३.६७२५ दिरहमला बांधलेला आहे. युरो, पौंड, रुपया मात्र रोज हलतात. दर बँकेच्या संकेतस्थळावर तक्त्यात असतात आणि हिशेब असतो एक्सेलमध्ये.

हा तक्ता उचलून एक्सेलच्या फाइलीत ठेवणारा प्रोग्राम आज चार-पाच ओळींत लिहिता येतो. त्या ओळी इतक्या थोड्या आहेत, कारण खरं काम इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या करतात. या लायब्रऱ्यांचं कूळ दोन घराण्यांतून आलं आहे.

पहिलं घराणं हिशेबाच्या वहीचं. १९७८ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनच्या लक्षात आलं की फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात. बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क आणलं. त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल. या घराण्याचा स्वभाव मोजण्याचा. इथे प्रत्येक घराला प्रकार असतो: आकडा, तारीख किंवा मजकूर. तारीखसुद्धा आत आकडाच असते. १ जानेवारी २०१८ म्हणजे एक्सेलच्या लेखी ४३१०१.

दुसरं घराणं वेब पानाचं. टिम बर्नर्स-लीच्या सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये तक्ता नव्हताच. १९९५ मध्ये नेटस्केप १.१ ने तो दाखवायला सुरुवात केली, मे १९९६ मध्ये डेव्ह रॅगेटने त्याचा रीतसर मसुदा प्रसिद्ध केला आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये तक्त्याला अधिकृत जागा मिळाली. ओळीसाठी टीआर, घरासाठी टीडी. या घराण्याचा स्वभाव दाखवण्याचा. घरात काय आहे याच्याशी ब्राउझरला कर्तव्य नसतं. त्याच्यासाठी सगळा मजकूरच. त्यात वेब डिझायनरांनी पानाची मांडणीही तक्त्यांनीच करायला घेतली, त्यामुळे पानावरचा कुठला तक्ता माहितीचा आणि कुठला निव्वळ सजावटीचा, हे ओळखणं अवघड झालं.

या दोन घराण्यांची पहिली सोयरीक एका युक्तीने जुळली. एक्सेल ९७ एचटीएमएलचा तक्ता उघडू शकत होतं. प्रोग्रामरांनी हे हेरलं आणि सर्व्हरवरून नेहमीचंच पान पाठवताना त्यावर ‘ही एक्सेलची फाइल आहे’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. कित्येक संकेतस्थळांवर ही युक्ती आजही चालू आहे. डाउनलोड केलेलं विवरण उघडताना ‘फाइलचा प्रकार आणि तिच्या नावाचं शेपूट जुळत नाही’ अशा अर्थाचा इशारा आला, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. पुष्कळदा आत सरळ ‘टेबल’ हा टॅग दिसतो. हा इशारा एक्सेल २००७ पासून येऊ लागला. त्याआधी, एक्सेल २००० मध्ये, मायक्रोसॉफ्टने एचटीएमएलमध्ये स्वतःच्या खास खुणा घातल्या होत्या. ‘एमएसओ-नंबर-फॉरमॅट’ ही त्यातली एक: हे घर मजकूर म्हणून ठेव, आकडा समजू नकोस, असं एक्सेलला सांगणारी.

खरीखुरी एक्सेल फाइल लिहायची तर तिची बंदिस्त बायनरी रचना कळायला हवी होती. २००० मध्ये जॉन मॅकनमाराने पर्ल भाषेसाठी ती लिहिणारी लायब्ररी दिली. २००१ मध्ये जावासाठी पीओआय हा प्रकल्प सुरू झाला. दुसऱ्या बाजूने २००४ मध्ये लिओनार्ड रिचर्डसनच्या ब्यूटिफुल सूपने मोडकंतोडकं एचटीएमएलही वाचून दाखवलं. डिसेंबर २००६ मध्ये एक्सेलच्या नव्या रचनेला एक्मा या संस्थेची मान्यता मिळाली आणि वाट मोकळी झाली. एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे झिपमध्ये बांधलेल्या एक्सएमएल फाइली. नावाचं शेपूट बदलून झिप केलं की त्या कोणालाही वाचता येतात. जुन्या रचनेत ६५,५३६ ओळी मावत, नव्या रचनेत १०,४८,५७६. २०१० मध्ये पायथनसाठी ओपनपायएक्सएल आली. वेस मॅकिनीने २००८ मध्ये सुरू केलेल्या पांडाज लायब्ररीत २०१३ साली ‘रीड एचटीएमएल’ ही सोय आली. पानावरचे सगळे तक्ते वाचायला एक ओळ, एक्सेलमध्ये लिहायला दुसरी.

म्हणजे ओळी आणि रकाने हलवण्याचा प्रश्न सुटला. उरला तो प्रत्येक घराच्या प्रकाराचा, आणि तिथे लायब्ररी अंदाज बांधते. ०५० ने सुरू होणारा मोबाइल क्रमांक तिला आकडा वाटतो आणि पुढचं शून्य गळतं. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असतं; १६ अंकी कार्ड क्रमांक आकडा म्हणून भरला की शेवटच्या अंकाचं शून्य होतं. व्हॅटचा नोंदणी क्रमांक १५ अंकी असल्याने थोडक्यात बचावतो. तारखांचं दुखणं त्याहून वाईट. ०३/०४/२०१८ म्हणजे अमिरातीत ३ एप्रिल, पण अमेरिकी पद्धतीच्या संगणकावर ती मुकाट्याने ४ मार्च होते. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र मजकूर म्हणून पडून राहतात, कारण तेरावा महिना नसतो. एकाच रकान्यात निम्म्या तारखा चुकीच्या आणि निम्म्या निर्जीव, हे दृश्य हिशेबाच्या खोल्यांत नवीन नाही. आणि जुनी रचना वापरली तर ओळींची मर्यादाही नडते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या एक्सएलएस रचनेच्या ओळी भरल्या आणि कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेलीच नाही. प्रोग्राम चालला होता. फाइलीला किती झेपेल, हे कोणी तपासलं नव्हतं.

म्हणून हे काम करणाऱ्यांना कळकळीचं सांगणं. प्रोग्राम लिहिण्याआधी रकान्यांची यादी करा आणि कुठला मजकूर, कुठला आकडा, कुठली तारीख हे स्वतः ठरवून लायब्ररीला सांगा. पांडाजमध्ये त्यासाठी ‘कन्व्हर्टर्स’ आहेत. ओळी मोजून पानाशी ताडून पाहा. ज्या पानावरून दर घेतला त्याची तारखेसह प्रत ठेवा, कारण व्हॅटचे कागद सर्वसाधारणपणे पाच वर्षं जपावे लागतात. लायब्ररी तक्ता उतरवून देते. आकडा खरा आहे याची सही हिशेबनिसालाच करावी लागते.