'धक्का', 'धसका' आणि 'हातपाय गार पडणे' : किल्लारी भूकंपाच्या संदर्भात एक टिपण

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांच्या सीमाभागात झालेला भूकंप किल्लारीच्या नावाने ओळखला जातो. किल्लारी औसा तालुक्यातील; परंतु सास्तूर, पेठसांगवी ही उद्ध्वस्त गावे उस्मानाबादच्या उमरगा तालुक्यात मोडत होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसे घरात झोपली होती, आणि ती घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती व त्यांवर मातीचे जड माळवद. भूकंपाची महत्ता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. तरीही सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

ह्या घटनेची भूशास्त्रीय व पुनर्वसनविषयक चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय मर्यादित आहे. 'धक्का' हा एकच शब्द त्या पहाटे किती निरनिराळ्या गोष्टींना लागू पडत होता, आणि त्यामुळे जखमी माणसाची अवस्था ओळखण्यात कोणती अडचण संभवते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

जमिनीला बसला तो भूकंपाचा धक्का. ज्याचे कुटुंब गेले त्याला बसला तोही धक्काच. वैद्यकातील 'शॉक' ह्याहून अगदी वेगळा. रक्तस्रावाने, शरीरातील पाणी कमी झाल्याने, हृदय दुबळे झाल्याने वा तीव्र जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण इतके खालावते की अवयवांच्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. ह्या अवस्थेस शॉक म्हणावयाचे. त्याचा मनाशी मूलतः संबंध नाही. गोंधळ केवळ मराठीचा आहे असे मात्र नाही. ल द्रां ह्या फ्रेंच शल्यवैद्याच्या बंदुकीच्या जखमांवरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७४३ मध्ये झाले, त्यात हा शब्द आदळण्याचा, हादऱ्याचा अर्थ घेऊनच आला. पुढे शतकभर वैद्यांचाही समज असा की मज्जासंस्थाच हादरते. जखमेच्या जागी रक्त व द्रव साचून अभिसरणातून कमी होतात, हे ब्लेलॉकच्या प्रयोगांनी १९३० च्या सुमारास स्पष्ट झाले. मराठी परिभाषेत 'अवसाद' हा शब्दही योजला गेला. 'अव' अधिक 'सद्', म्हणजे खाली बसणे, खचणे. व्युत्पत्ती उत्तम, पण हिंदीत त्याच शब्दाचा रूढ अर्थ मनाची खिन्नता. परिभाषाकारांच्या नशिबी हे नेहमीचेच.

बोलीकडे वळल्यास चित्र उद्बोधक दिसते. अपघातानंतर माणूस काही तासांनी दगावला तर 'धसक्याने गेला', 'हाय खाल्ली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. ही पदे मृत्यूचे कारण मनात शोधतात. उलट, कारण न सांगता केवळ लक्षण सांगणारे वाक्प्रचार आश्चर्यकारक रीतीने अचूक आहेत. 'हातपाय गार पडणे' म्हणजे त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन रक्त हृदय व मेंदूसाठी राखले जाणे. 'दरदरून घाम फुटणे', 'घशाला शोष पडणे', 'जीव घाबरा होणे', 'डोळ्यांपुढे अंधारी येणे' ही सर्व त्याच क्रियेची अंगे होत. आणि ती वेळेवर दिसतात. प्रौढ माणसाचे रक्त पंधरा ते तीस टक्के गेले तरी रक्तदाब बहुधा टिकून असतो; नाडी मात्र जलद झालेली असते व हात गार लागतो. बोटाचे नख दाबून सोडल्यावर लाली दोन सेकंदांत परतली नाही, तर संशय घ्यावा. दाबमापक यंत्राची वाट पाहणाऱ्यापेक्षा हात धरून पाहणारा येथे पुढे असतो.

ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. १९४१ मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यांतील जखमींवरून बायवॉटर्स व बील ह्यांनी त्याचे वर्णन केले. तासन्‌तास चिरडलेला पाय मोकळा झाल्यावर रक्तातील द्रव स्नायूत शिरतो, स्नायूतील पोटॅशियम व रंजकद्रव्य रक्तात उतरते. प्रथम शॉक येतो, पुढे हृदय बंद पडण्याचा व मूत्रपिंड निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून दगड उचलण्यापूर्वीच शिरेतून सलाइन सुरू करावे, असा आजचा दंडक आहे. १९९३ च्या त्या पहाटे शेजाऱ्यांनी हातांनी दगड उपसले. सोलापूरचे मोठे रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरांवर होते, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात येण्यास २०१४ साल उजाडावयाचे होते.

उपचाराचा क्रम आता बराच निश्चित झाला आहे. वाहते रक्त दाबून थांबवावे, रुग्णास उताणे निजवून पांघरूण घालावे, तहान कितीही असली तरी पोटात मार असल्यास तोंडाने काही देऊ नये, आणि शक्य तितक्या लवकर रक्त मिळेल तेथे पोहोचवावे. रक्तस्राव चालू असता नुसते सलाइन भरमसाट देण्याची जुनी पद्धत मागे पडली आहे. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास मृत्यू कमी होतात, हे २०१० च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखविले. सर्व मदार ह्या पहिल्या तासांवर आहे, म्हणजेच जवळ असणाऱ्या माणसाने काय पाहिले व कोणत्या शब्दांत सांगितले ह्यावर. 'त्याला धक्का बसलाय' असा निरोप आल्यास ऐकणारा धीर देण्याचा विचार करील. 'हातपाय गार पडलेत, तहान तहान करतोय' असा आल्यास गाडी काढील.

एक जोडी मात्र विशेष जपून वापरावयास हवी. आतापर्यंत तळमळणारा जखमी एकाएकी शांत होतो, तेव्हा भोवतालची माणसे 'आता निवांत पडलाय' म्हणून बाजूला सरतात. मेंदूचा रक्तपुरवठा आटल्याची ती खूण असू शकते, आणि तिच्यासाठी बोलीत दुसरा, नेमका शब्द आहे : निपचित.