खेकड्यांसाठी रस्ता बंद

पहिला पाऊस पडला की आपल्याकडे रात्री बॅटऱ्या घेऊन लोक खेकडे धरायला निघतात. याच दिवसांत एका दूरच्या बेटावर मात्र खेकडे धरायला बंदी असते. आज त्या बेटाचा इतिहास ऐकू या.

बेटाचं नाव प्रोव्हिडेन्सिया. कॅरिबियन समुद्रातलं, कोलंबिया देशाचं. 1630 च्या सुमारास तिथे इंग्रज आले, आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. 1641 मध्ये स्पेनने बेट जिंकलं. आज तिथले मूळचे लोक रायसाल म्हणवतात. डोंगर, समुद्र आणि काळा खेकडा, यांवर त्यांची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली.

हा खेकडा डोंगरातल्या झाडीत, बिळात राहतो. पण त्याची अंडी समुद्रातच फुटतात. म्हणून एप्रिल ते जुलै या काळात पाऊस झाला की हजारो माद्या पोटाखाली अंडी घेऊन किनाऱ्याकडे उतरतात. पिल्लं काही आठवडे समुद्रात वाढतात आणि मग डोंगर चढतात. दरवर्षी ती भरपूर येतीलच असं नाही. त्यामुळे वाटेवरच्या माद्या धरल्या, तर पुढचं पीकच खुडलं जातं.

पूर्वी खेकडा घरापुरता धरला जाई. शेजारचं सान आंद्रेस बेट 1953 मध्ये करमुक्त बंदर झालं. पर्यटक आले, हॉटेलं आली, मागणी वाढली. पुरुष रात्री खेकडे धरत आणि बायका ते उकडून, मांस काढून विकत. या पैशावर घर चाले. पण बेटाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर गाड्यांखाली माद्या चिरडूही लागल्या.

कोलंबियाच्या 1993 च्या कायद्याने या बेटांसाठी पर्यावरणाचं स्वतंत्र मंडळ नेमलं. पुढे एप्रिल ते जुलै खेकडे धरायला बंदी झाली. माद्या उतरतात तेव्हा रात्री रस्ता बंद ठेवतात, पहाऱ्याला पोलीस आणि सैनिक उभे राहतात. चार महिने विक्री नाही, म्हणजे मांस काढणाऱ्या बाईच्या हातात तो पैसा नाही. तिच्यासाठी हा नियम सोपा नाही. पण खेकडा संपला तर तिचा धंदा कायमचाच बसेल. नोव्हेंबर 2020 मध्ये आयोटा वादळाने जवळजवळ सगळी घरं मोडली, झाडी उघडी पडली. अशा वेळी तर ही राखण जास्तच लागते.

आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचं वेगळं आहे. त्याला समुद्र लागत नाही, मादी पिल्लं पोटाखालीच सांभाळते. म्हणजे तिला ओळखणं आपल्याला आणखी सोपं. पोटाखालची झडप जरा उचलून पाहायची. अंडी किंवा पिल्लं दिसली, तर तिला होती तिथेच सोडायची.

त्यासाठी सरकारी कायद्याची वाट कशाला पाहायची? येत्या बैठकीत गटाने हा ठराव मांडावा आणि घरच्या पुरुषांनाही तो सांगावा.