कामाच्या ठिकाणचे मानसिक स्वास्थ्य : हजेरीपटात न दिसणारी हानी

कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य आणि कार्यालयातील सर्वसमावेशकता हे विषय केवळ कल्याणकारी उपक्रमांपुरते मर्यादित राहिलेले नसून आस्थापनांच्या ताळेबंदाशी निगडित झाले आहेत. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात आणि अर्थव्यवस्थेला सुमारे एक लाख कोटी डॉलरची हानी सोसावी लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. व्यवस्थापकांनाच यासंबंधीचे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस त्यांत प्रथमच करण्यात आली.

भारतातील मालकवर्गाला या कारणाने दरवर्षी सुमारे १४ अब्ज डॉलरचा फटका बसतो, असे डेलॉइट या सल्लागार संस्थेने २०२२ मध्येच नमूद केले होते. या रकमेची विभागणी उद्बोधक आहे. रजा आणि गैरहजेरी यांचा वाटा त्यात सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १.९ अब्ज डॉलर आहे. नोकरी सोडून जाणाऱ्यांमुळे होणारे नुकसान सुमारे ६ अब्ज, तर कर्मचारी हजर असूनही मन थाऱ्यावर नसल्याने काम न होणे, याचे मोल सुमारे ६.६ अब्ज डॉलर आहे. या शेवटच्या प्रकाराला इंग्रजीत प्रेझेंटीइझम म्हणतात. मराठीत त्याला अद्याप रूढ प्रतिशब्द नाही. हजेरीपटावर सही आहे, पण माणूस कामात नाही, अशी ही अवस्था. तिची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नसल्यामुळेच तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

मानसिक आरोग्यावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे चार डॉलर परत मिळतात, हे वाक्य या संदर्भात वारंवार उद्धृत केले जाते. ते मात्र जपून वाचायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ देशांमध्ये नैराश्य व चिंताविकारांवरील उपचारांचा विस्तार केल्यास काय लाभ होईल, याचा हिशेब मांडण्यात आला होता. एखाद्या कंपनीने वर्षातून एकदा योगशिबिर भरवले, तर त्याला हे गुणोत्तर लागू होत नाही.

श्रम आणि विश्रांती यांचा संबंध भारतीय कामगारांनी फार पूर्वी ओळखला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी दिलेल्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात १९१२ पासून, म्हणजे कायद्याची सक्ती होण्याच्या कितीतरी आधी, आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. संसदेत जानेवारी २०२५ मध्ये मांडलेल्या आर्थिक पाहणीतही हाच मुद्दा पुन्हा आला. दिवसाला १२ किंवा अधिक तास मेजाशी बसणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा निर्देशांक दोन तास किंवा त्याहून कमी बसणाऱ्यांपेक्षा सुमारे १०० गुणांनी खाली असल्याकडे पाहणीने लक्ष वेधले.

कायद्याची चौकट आता बरीच स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ करण्यात आले आणि त्यांत मानसिक आजाराचा समावेश कायम आहे. खासगी आस्थापनांसह प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणे या कायद्याने बंधनकारक आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा संरक्षण द्यावे, असे त्याचे कलम २१ सांगते. आपल्या सामूहिक विम्यात ही तरतूद प्रत्यक्षात कशी आहे, हे कर्मचाऱ्यांनी तपासून पाहणे हिताचे ठरेल.

सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर २०२१ चा निकाल या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याला सेवेत असताना मानसिक विकार जडला आणि पुढे गैरवर्तनाबद्दल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीकडून कामाच्या ठिकाणच्या अपेक्षित वर्तनाचे पालन होण्यात अडचण येण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते; म्हणून अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. गैरवर्तनाचे एकमेव कारण आजार हेच होते, असे सिद्ध करण्याची गरजही न्यायालयाने ठेवली नाही. सध्याच्या पदासाठी तो अयोग्य ठरल्यास वेतन अबाधित ठेवून त्याला पर्यायी पद द्यावे, असा आदेश देण्यात आला. अनुभवी माणूस गमावण्यापेक्षा त्याला झेपेल असे काम देणे, हा व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचा मार्ग आहे.

भरती केली म्हणजे समावेशन झाले असे नाही, याचे उदाहरण केरळमध्ये दिसले. कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ तृतीयपंथी व्यक्तींना नोकरी देऊ केली आणि देशभर त्याचे कौतुक झाले. परंतु शहरात त्यांना कोणी भाड्याने खोली देईना. परिणामी काही जणींनी अल्पावधीतच काम सोडले. नेमणूकपत्र, गणवेश, प्रशिक्षण या सर्वांवरील खर्च झाला होता. अडले ते निवाऱ्यापाशी.

नियमित आस्थापनेत नसलेल्या कोट्यवधी श्रमिकांपर्यंत यांतील बहुतेक तरतुदी पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा उपयुक्त आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये समुपदेशकाशी बोलता येते. त्यासाठी मालकाच्या परवानगीची आवश्यकता नाही.