क्रुसावरचे संस्कृत, केडगावची मराठी

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची सुमारे पंचवीस वर्षे येथे गेली. त्यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा धर्मांतराच्या वादापाशी येऊन थांबते. या धाग्यात थोडे पुढे जाऊ. ज्या धर्मासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला, त्या धर्मात तरी त्यांना घर सापडले का?

मुळात घर असे त्यांना कधी नव्हतेच. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत, पुराणे सांगत फिरण्यात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने लेकीला. दक्षिणेतील दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी जातीबाहेर, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि दोन वर्षांतच वैधव्य आले. म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीच त्या ब्राह्मण समाजाच्या उंबरठ्याबाहेर उभ्या होत्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संताप उसळला. तो अनेकांना ठाऊक असतो; वॉन्टेजच्या मठात काय चालले होते, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

रमाबाई तिथेही शाकाहारीच राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून मानण्यास त्या तयार नव्हत्या. बायबल स्वतः वाचून काय पटते ते मी ठरवीन, हा त्यांचा हट्ट. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा एक वाद तर क्रुसावरून झाला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिन का, संस्कृत का नको, असे रमाबाईंनी विचारले. मला हा प्रश्न त्यांच्या सगळ्या धर्मशास्त्रीय पत्रांहून अधिक बोलका वाटतो. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे युरोप स्वीकारला, असे त्या मानत नव्हत्या.

परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यात आले. धर्माच्या बाबतीत तटस्थता हे संस्थेचे वचन होते. परंतु रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागारपद सोडून गेले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. इंग्लंडमध्ये त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, पुण्यात फारच ख्रिस्ती ठरल्या.

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर नेले. तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दीड हजार जणी राहत होत्या. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. येथे दुष्काळाने सर्व जातींच्या मुली आणल्या.

हा फरक महत्त्वाचा आहे. शेजारच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. त्या मिशनच्या प्रभावाखाली ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबे महार-मांग समाजातील. रमाबाईंनी प्रतिष्ठेची जागा सोडली होती. या कुटुंबांना गावकुसाच्या आत जागा कधी मिळालीच नव्हती. दोघांचे परकेपण एकाच मापाने मोजणे चूक ठरेल.

केडगावी रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना दोन कारणांनी खटकत: त्यांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले होते, आणि मुक्तीतल्या साध्या बायकांना ते कळत नव्हते. म्हणून संस्कृतची ही पंडिता संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत बसली. कधीकाळी क्रुसावर हीच भाषा हवी म्हणून भांडलेली बाई! मला यात विसंगती दिसत नाही. वॉन्टेजमध्ये समोर लॅटिनचा अधिकार होता, केडगावात समोर अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुली होत्या.

छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. मराठी चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले.