लग्न लावणारा धर्मगुरू : व्हॅलेंटाइनची दंतकथा आणि सेवाग्रामचे विवाह

१/ १४ फेब्रुवारी जवळ आला की एक गोष्ट मोबाइलवरून फिरू लागते. रोमचा सम्राट दुसरा क्लॉडियस याने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली. व्हॅलेंटाइन नावाच्या धर्मगुरूने चोरून लग्ने लावली आणि त्याला मृत्युदंड झाला. गोष्ट हृद्य आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ती टिकत नाही. मात्र समाजाने नाकारलेल्या जोडप्यांचे विवाह लावून देणारे एक ठिकाण महाराष्ट्रात खरोखर होते : वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम.

२/ प्रथम रोम. दुसऱ्या क्लॉडियसची कारकीर्द इ.स. २६८ ते २७०. रोमन सैनिकांवर विवाहबंदी होती हे खरे, पण ती त्याच्या कितीतरी आधीची. साधारणतः ऑगस्टसच्या काळापासून चालत आलेली ही बंदी सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. १९७ च्या सुमारास उठवली असे मानले जाते. क्लॉडियस गादीवर आला तेव्हा त्याला सत्तर वर्षे होऊन गेली होती. त्याने ती नव्याने लादल्याचा समकालीन पुरावा नाही.

३/ व्हॅलेंटाइन एक की दोन, हाही प्रश्न आहे. परंपरा दोघांचा उल्लेख करते : रोममधील एक धर्मगुरू आणि तेर्नी येथील बिशप. दोघांच्याही चरित्रकथा त्यांच्या मृत्यूनंतर शतकांनी लिहिल्या गेल्या. १२६० च्या सुमाराच्या ‘लेजेंडा ऑरिया’ या प्रसिद्ध संतचरित्रसंग्रहात व्हॅलेंटाइन एका अंध मुलीला दृष्टी देतो, श्रद्धेसाठी प्राण देतो. गुप्त विवाह तेथे नाहीत, प्रेमपत्रही नाही.

४/ आता त्या काळातील धर्मगुरूंचे जीवन पाहू. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती मंडळी अधूनमधून छळ सोसणारी, बहुधा घरांतून एकत्र येणारी होती. उपासना चालवणे, बाप्तिस्मा देणे, मृतांचे दफन करणे, विधवा व गरिबांना अन्न पोचवणे, तुरुंगातील बांधवांची विचारपूस करणे ही धर्मसेवकांची कामे. विवाह लावणे हे त्यांचे अनिवार्य कर्तव्य नव्हते. रोमन कायद्यात विवाह दोघांच्या व कुटुंबांच्या संमतीने होई.

५/ लग्नासाठी धर्मगुरू हवाच, हा कॅथलिक नियम कितीतरी नंतरचा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने नियोजित विवाहाची चर्चमध्ये आगाऊ घोषणा सक्तीची केली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर न झालेला विवाह अवैध ठरवला. गुप्त विवाह रोखणे हा त्यामागचा हेतू. म्हणजे चर्चने कायदा केला तो चोरून लग्ने लावण्याच्या विरोधात.

६/ मग १४ फेब्रुवारीला प्रेम कोठून आले? प्राचीन रोमचा लुपरकेलिया उत्सव १५ फेब्रुवारीला असे. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलेशियसने त्याला विरोध केला, पण त्याचे रूपांतर व्हॅलेंटाइन दिनात झाल्याचा पुरावा मिळत नाही. प्रेमाचा पहिला ठळक धागा सापडतो तो इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्याकडे. त्याच्या १३८० च्या दशकातील ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ या काव्यात या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडतात.

७/ जॅक ऑरुच या अभ्यासकाने १९८१ मध्ये हाच मुद्दा मांडला : चॉसरपूर्वी या संताचा प्रणयाशी संबंध आढळत नाही. १४७७ मध्ये मार्जरी ब्रूज या तरुणीने आपल्या वाग्दत्त वराला, जॉन पास्टनला, ‘व्हॅलेंटाइन’ म्हणून पत्र लिहिले. हुंड्यावरून लग्न अडले होते आणि वडील रक्कम वाढवायला तयार नव्हते. पुढे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि शुभेच्छापत्रांचा व्यापार फोफावला.

८/ १९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून व्हॅलेंटाइनचा सण वगळला. संत म्हणून त्याचे नाव राहिले, परंतु १४ फेब्रुवारी हा सिरिल आणि मेथोडियस यांचा स्मृतिदिन झाला. तरीही दंतकथा टिकली, कारण तिच्यातला प्रश्न खरा आहे : समाज ‘नाही’ म्हणतो तेव्हा दोघांच्या लग्नाला मान्यता कोण देणार?

९/ हाच प्रश्न विसाव्या शतकात वर्ध्यात उभा राहिला. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने जातीबाहेर नोंदणी विवाह करायचा तर आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याच धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. मध्य प्रांतातील कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांतून १९२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न नाकारता असा विवाह करता येऊ लागला.

१०/ ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी वर्ध्याजवळील शेगाव येथे राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. मात्र आंतरजातीय विवाहाचे ते आरंभापासूनचे समर्थक नव्हते. १९२० च्या दशकात त्यांनी रोटी-बेटी बंधनांची पाठराखण केली होती. १९२६ मध्ये मुलगा मणिलाल याच्या एका मुस्लिम तरुणीशी विवाहाच्या इच्छेला त्यांनी नकार दिला. १९३६ मध्येच डॉ. आंबेडकरांनी ‘जातिसंहार’विषयक प्रसिद्ध लेखनात आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे ठामपणे मांडले. गांधींची भूमिका बदलली, पण हळूहळू.

११/ १९४० : टी. व्ही. सुंदरम अय्यंगार या उद्योगपतींची कन्या सौंदरम आणि जी. रामचंद्रन. ती ब्राह्मण, बालवयात विवाह होऊन विधवा झालेली, पुढे डॉक्टर. तो केरळचा नायर. कुटुंबाचा विरोध होता. एक वर्ष परस्परांपासून दूर राहा, त्यानंतरही निर्धार कायम असेल तर लग्न करा, असे गांधींनी सुचवले. वर्ष सरले, निर्धार टिकला आणि विवाह सेवाग्रामला झाला.

१२/ १९४५ : बेळगावचे पत्रकार ए. जी. तेंडुलकर आणि इंदुमती गुणाजी. तेंडुलकरांनी जर्मनीत बराच काळ काढला होता. ‘मेट्रोपोलिस’ चित्रपटाची लेखिका थिया फॉन हार्बू ही त्यांची पूर्वीची पत्नी. गांधींनी या दोघांना पाच वर्षे वेगळे राहण्याची अट घातली. त्या काळात दोघांनीही तुरुंगवास भोगला. ऑगस्ट १९४५ मध्ये सेवाग्रामला त्यांचे लग्न लागले.

१३/ १९४६ पर्यंत नियम आणखी कडक झाला : वधूवरांपैकी एक दलित असल्याखेरीज आश्रमात विवाह होणार नाही. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांची कन्या मनोरमा आणि दलित तरुण अर्जुनराव यांचा विवाह याच परंपरेतला. गोरांना ईश्वराचे नाव नको होते. त्याऐवजी ‘सत्य’ म्हणण्यास गांधी राजी झाले. येथेही प्रतीक्षा होतीच. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींची हत्या झाली, पण १३ मार्च १९४८ रोजी ठरल्याप्रमाणे सेवाग्रामलाच हे लग्न झाले.

१४/ दंतकथेतला धर्मगुरू घाईने, गुपचूप लग्न लावतो. सेवाग्रामात सारे उघडपणे झाले आणि फार उशिरा झाले. त्या अटी आज जाचक वाटतात. प्रौढ, स्वतंत्र बुद्धीच्या माणसांना वर्षानुवर्षे दूर ठेवण्याचा अधिकार कोणाला, हा आक्षेप रास्त आहे. दोन्ही कथांत विवाह लावणाऱ्याचे नाव मोठे झाले, जोखीम मात्र जोडप्याने उचलली. पाश्चात्त्य कॅथलिक धर्मशास्त्रही हेच सांगते : विवाह-संस्काराचे खरे ‘मिनिस्टर’ वधूवरच, धर्मगुरू साक्षीदार. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ सेवक.

१५/ सेवाग्रामच्या आशीर्वादाने कायदेशीर मान्यता मिळत नव्हती. ते काम संसदेत झाले. १९४९ च्या हिंदू विवाह वैधता कायद्याने जातिभेदाच्या कारणावरून हिंदूंचा विवाह अवैध मानता येणार नाही असे ठरवले आणि तो कधी अवैध होता असेही मानता येणार नाही, अशी पूर्वलक्षी तरतूद केली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने भिन्नधर्मीयांनाही वाट दिली, पण ३० दिवसांची जाहीर नोटीस ठेवली. ही तरतूद १२१५ च्या चर्चमधील आगाऊ घोषणेची आठवण करून देते. घरच्यांचा विरोध असणाऱ्या आजच्या जोडप्यांना हे ३० दिवस सर्वांत अवघड जातात.