शनवार तेली आणि आमची कपबशी

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे बरेच दिवस लिहिणं झालं नाही. आता डोळा ठीक आहे, तेव्हा मनात घोळत असलेलं लिहून टाकते.

माझी भाची इंग्लंडमध्ये मिडल्सब्रोला असते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे दंगल झाली, तेव्हा ती दोन दिवस मुलांना घेऊन घरात बसून होती. साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, खुनी बाहेरून आलेला मुसलमान असल्याची अफवा उठली आणि गावोगाव लोक रस्त्यावर आले. खुनी तिथेच, ब्रिटनमध्ये जन्मलेला निघाला, पण ते कोण ऐकणार? मिडल्सब्रोत तर गाड्या अडवून आतल्या माणसाला ‘तू गोरा का, इंग्लिश का’ असं विचारत होते. परवा फोनवर पुन्हा तो विषय निघाला आणि मी तिला म्हटलं, "आपल्याकडे बघ, ज्यू लोक शतकानुशतके राहिले, कुणी त्यांच्या केसाला धक्का लावला नाही."

हे वाक्य मी वर्गातही तीस वर्षं सांगितलं. पनवेलच्या माणसाला ते सांगायचा हक्कच आहे असं वाटतं. आमच्या गावातलं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं, म्हणजे पनवेलच्या नगरपालिकेपेक्षाही तीन वर्षांनी जुनं. बेने इस्रायल लोकांची कथा अशी की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढे ते कोकणात पसरले, घाण्यावर तेल काढू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली झाले. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर अशी गावांवरून. बायका नऊवारी नेसत, घरात मराठी बोलत आणि नवस फेडताना मलिदा करत. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा म्हणजे डेव्हिड, ते चेऊलकर. मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर त्यांच्यातलेच. आणि आम्हा शिक्षकांना अभिमान वाटावा अशा रिबेका रूबेन, माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका.

धक्का लागला नाही हे खरंच आहे. पण फोन ठेवल्यावर मला आमच्या मागच्या पडवीतला कोनाडा आठवला.

शाळेत माझ्या बाकावर एक बेने इस्रायल मुलगी बसायची. नाव लिहीत नाही, तिची परवानगी नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला यायची. आजी तिला प्रेमानं चहा द्यायची, पण तिची कपबशी वेगळी होती. कान तुटलेला, निळ्या काठाचा कप. चहा पिऊन झाला की ती तो स्वतः विहिरीपाशी विसळायची आणि कोनाड्यात पालथा घालून ठेवायची. तिला असं करायला कुणी सांगितलं होतं, मला आठवत नाही. बहुधा सांगावंच लागलं नसेल. आजीच्या लेखी ते तेली, आणि तेल्याची जागा जिथे तिथेच. म्हणजे आम्ही त्यांना परकं मानलं नाही ते खरं, पण सामावून घेतलं ते जातीच्या एका पायरीवर बसवून. (त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल होतेच, आणि त्यांचे आपसात रोटीबेटी व्यवहार होत नसत. मुंबईत श्रीमंत बगदादी ज्यू आले, त्यांनी १८३६ मध्ये दफनभूमीत आपल्या नि बेने इस्रायलांच्या थडग्यांमध्ये भिंत बांधून द्या असा सरकारकडे अर्ज केला होता. मेल्यावरही शेजार नको!)

१९६२ मध्ये आम्ही नववीत असताना ती घरच्यांबरोबर इस्रायलला गेली, दिमोना नावाच्या वाळवंटातल्या नव्या गावात. १९४८ नंतर कोकणातली घरंच्या घरं अशी उठून गेली. हजारो वर्षं ज्या देशाकडे तोंड करून प्रार्थना केली तिथे जायचं, यात दुःख कसलं? पण तिथे गेल्यावर रंग आडवा आला. १९५१ मध्येच काही कुटुंबांनी तेल अवीवला धरणं धरलं होतं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. बीरशेबाच्या बेकरीत ‘तुम्ही काळे, तुम्ही काळाच पाव खा’ असं ऐकवलं जातं, ही त्यांची एक तक्रार होती. १९५२ मध्ये त्यांना खरोखर विमानानं परत आणलं. गंमत म्हणजे त्यातले बरेच जण पुढे पुन्हा इस्रायललाच गेले.

त्याहून मोठी गोष्ट लग्नाची. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम, तेही मूळचे बगदादचे, यांनी १९६२ मध्ये फर्मान काढलं की बेने इस्रायल मुलामुलीचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांची आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. कोकणात राहून या लोकांना घटस्फोटाचे धर्मशास्त्रातले नियम ठाऊक नव्हते, रक्त मिसळलं असेल, अशी शंका. पेणच्या नि रोह्याच्या पणज्यांचे दाखले जेरुसलेममध्ये कुठून आणायचे? १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायल जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ ला तिथल्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यूच आहेत, आणि महिनाअखेर त्या फर्मानातून त्यांचं नाव वगळलं गेलं. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात स्मेदिक गावची निवडणूक काळ्या शेजाऱ्यांची भीती घालून जिंकली गेली. भाचीला हे मी सांगितलं तेव्हा तिला ते नावही ठाऊक नव्हतं.)

तेव्हा मी अकरावीत होते. वर्तमानपत्रात मोर्च्याची बातमी वाचून माझं रक्त खवळलं. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न याच चौकशीत अडकलंय हे तिनं आधी कळवलंच होतं. मी चांगलं चार पानी पत्र लिहिलं. त्या गोऱ्या लोकांना माणुसकी नाही, आमच्या पनवेलमध्ये तुम्हाला असं कधी कुणी वागवलं का, वगैरे.

तिचं उत्तर दीड महिन्यानं आलं. बहिणीचं ठरलं, आई पोह्यांसाठी झुरते, इथे कोथिंबीर मिळते पण ओला नारळ मिळत नाही, असं सगळं. आणि शेवटी एक ओळ: "तुझ्या आजीला नमस्कार सांग. माझा निळा कप अजून कोनाड्यात आहे का गं?"

टोमणा होता की आठवण, मला आजही ठरवता येत नाही. अक्षर नेहमीचंच, गोल, कुठे जोर दिलेला नाही. मी ते पत्र आजीला वाचून दाखवलं तेव्हा ती ओळ गाळली. उत्तर उद्या लिहू म्हणता म्हणता मॅट्रिकची परीक्षा आली, मग कॉलेज, लग्न, नोकरी. खरं सांगायचं तर काय लिहायचं ते सुचलं नाही. कप होता तिथेच होता. आजी गेल्यावर, १९७१ मध्ये पडवी पाडली तेव्हा कुठे गेला, कुणी पाहिलं नाही.

परवा भाचीला पुन्हा फोन करून हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, आपल्याकडे कामाच्या बाईंचा कप कुठे असतो?" माझ्याकडे तो सिंकखाली असतो. म्हणजे होता. असो.

इस्रायलमध्ये मराठी मंडळी ‘मायबोली’ नावाचं त्रैमासिक काढत आली आहेत. तिकडे कुणाची ओळख असेल तर मला जरूर कळवा. १९६२ मध्ये पनवेलहून दिमोनाला गेलेलं कुटुंब, थोरल्या मुलीचं लग्न १९६४ च्या अखेरीस. तिचं सासरचं नाव मला माहीत नाही. वय माझ्याएवढंच, म्हणजे अठ्ठ्याहत्तर.