वहीला फोन जोडला तेव्हा

आमच्या आबांच्या सदऱ्याच्या खिशात एक लहानशी वही असे. काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. कोणाचे घर कोठे, कोणाचा टेलिफोन नंबर किती, कोणाकडून किती येणे, कोणत्या तिथीला कोणाचे श्राद्ध, असा सारा संसार त्या चार बोटे रुंदीच्या वहीत मावलेला. नातलगांची नावे मराठीत, पेठेतल्या काही व्यापाऱ्यांची कानडीत आणि कचेऱ्यांचे पत्ते इंग्रजीत. असल्या तिपेडी वह्या आमच्या बेळगावात घरोघर सापडतील.

२००२ च्या दिवाळीत अक्का आणि भावोजी अमेरिकेहून आले, तेव्हा भावोजींच्या खिशातही एक वही होती. पण ती बोलत होती! मोबाइल फोन आणि इलेक्ट्रॉनिक रोजनिशी एकाच डबीत बसवलेले ते यंत्र. फराळाच्या ताटाशेजारी ते ठेवून भावोजी म्हणाले, "मास्तर, तुम्ही इतिहासाचे माणूस. सांगा बघू, हे टिकेल काय?"

मी तेव्हा सहशिक्षक होतो आणि सहशिक्षकाला असावा तेवढा आत्मविश्वास माझ्यापाशी होता. यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि निकाल दिला, "टिकणार नाही. फोन तो फोन, वही ती वही."

आज मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून पोरांच्या उत्तरपत्रिकांची फेरतपासणी करताना मला माझे ते उत्तर आठवते. तेही एकदा फेरतपासणीस काढावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पण तपासायचे कोणत्या मापाने? आजचा फोन हातात घेऊन त्या जुन्या डबीला हसणे सोपे आहे; मात्र ते बैलगाडीला मोटारीच्या मापाने नापास करण्यासारखे होईल. त्या काळाचे यंत्र त्या काळाच्या तराजूतच घातले पाहिजे. शिवाय माझा एक अनुभव आहे. यंत्र काय देते याची यादी जाहिरातीत छापलेली असते. ते आपल्याकडून काय मागते, याची यादी मात्र वापरणाऱ्यालाच करावी लागते. ही दुसरी यादी हाती असली म्हणजे मूल्यमापन फारसे चुकत नाही.

फोन आणि रोजनिशी यांचा संसार जुळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न आयबीएमने केला. फ्रँक कॅनोव्हा या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला नमुना नोव्हेंबर १९९२ मध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात लोकांनी पाहिला. पुढे १६ ऑगस्ट १९९४ रोजी 'सायमन' या नावाने तो अमेरिकेत विक्रीस आला. बांधणी जपानच्या मित्सुबिशीची आणि विक्री बेलसाउथ या टेलिफोन कंपनीची. सायमनला आकड्यांची बटणे नव्हती. समोर काचेचा पडदा होता आणि त्यावर बोट टेकवून किंवा लेखणी टोचून काम करायचे. पत्ते, दिनदर्शिका, गणकयंत्र, टिपणे, फॅक्स आणि ई-मेल एवढे सारे त्यात होते. आजच्या फोनचे पूर्वज म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवतो; त्या वेळी मात्र 'स्मार्टफोन' हे नाव त्याला कोणी दिले नव्हते.

हे झाले देणे. आता मागणे पाहा. वजन सुमारे ५१० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या वर. सदऱ्याच्या खिशात ठेवला तर खिसा फाटायचा. तासभर बोलले की बॅटरी संपली. दोन वर्षांच्या करारासह किंमत ८९९ डॉलर. सुमारे ५० हजार यंत्रे खपली आणि १९९५ च्या आरंभीच विक्री थांबली. सायमनची कल्पना चुकीची नव्हती. तो देत होता त्याहून अधिक मागत होता, एवढेच. पुढे २०१४ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्याला मानाने काचेच्या कपाटात बसवले. काही विद्यार्थी नापास होतात, परंतु शाळेच्या इतिहासात राहतात, तशातलाच हा प्रकार.

त्याच सुमारास अॅपल कंपनीने फोन नसलेली नुसती रोजनिशी काढली होती. ऑगस्ट १९९३ मध्ये आलेल्या या 'न्यूटन'चा दावा मोठा होता. तुम्ही तुमच्या वळणाने लिहा, यंत्र तुमचे अक्षर शिकून घेईल! पण पहिल्या यंत्राला ते नीट जमेना. लिहावे एक आणि वाचले जावे भलतेच. वृत्तपत्रांतल्या व्यंगचित्रांतूनही त्याची टर उडाली आणि १९९८ मध्ये न्यूटन बंद झाले.

कॅलिफोर्नियातल्या जेफ हॉकिन्स या गृहस्थाने नेमके उलटे केले. त्याने यंत्र बांधण्याआधी सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला आणि तो कित्येक दिवस खिशात बाळगला. बैठकीत कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा, काडीने त्यावर टकटक करायचे आणि हे काम किती टिचक्यांत व्हावे याचा विचार करायचा. आमच्या आबांना हे कळते, तर "शहाणा दिसतो गडी," असे ते नक्की म्हणाले असते. या ठोकळ्यातून १९९६ मध्ये 'पाम पायलट' जन्मले. किंमत २९९ डॉलरपासून आणि दोन लहान सेलांवर ते कित्येक आठवडे चाले. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच यंत्राची बाराखडी शिकावी, असा करार हॉकिन्सने केला. तिचे नाव 'ग्राफिटी'. इंग्रजी 'ए'ची मधली आडवी रेघ गाळायची. बहुतेक अक्षरे हात न उचलता एका फटक्यात काढायची. लोकांनी ती थोड्याच वेळात शिकून घेतली आणि कुरकुर केली नाही. हे मागणे लहान होते आणि त्याचा मोबदला तत्काळ मिळत होता.

इकडे फिनलंडच्या नोकियाने १९९६ मध्येच 'कम्युनिकेटर' आणला होता. बाहेरून पाहावे तर फोन. चष्म्याच्या घरासारखा उघडला की आत लांबट पडदा आणि टंकलेखनाच्या कळा. वजन सुमारे ३९७ ग्रॅम. म्हणजे एका दिशेने फोन वहीकडे येत होता आणि दुसऱ्या दिशेने वही फोनकडे निघाली होती. १९९९ मध्ये अमेरिकेच्या क्वालकॉमने पामची वही आपल्या फोनात घातली, तेव्हा ही गाठ पडली. पण ते यंत्रही जाडजूड होते.

हॉकिन्स, डोना दुबिन्स्की आणि एड कॉलिगन हे पामचे तिघे कर्ते १९९८ मध्ये बाहेर पडले होते आणि त्यांनी 'हँडस्प्रिंग' नावाची नवी कंपनी काढली होती. त्यांनी आधी वहीच्या पाठीत खोवायचा फोन विकला. मग २००२ च्या आरंभी दोन्ही एकजीव करून 'ट्रीओ १८०' आणले. वजन सुमारे दीडशे ग्रॅम, म्हणजे सायमनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. झाकण उघडले की फोन उचलला जाई. नाव आणि आडनाव यांची आद्याक्षरे दाबली की माणूस सापडे. डोक्यावर एक लहानशी कळ होती. ती सरकवली की घंटी बंद. सभेत, देवळात, वर्गात कामी येणारी ही कळ ज्याला सुचली, त्याने लोकांत वावरून यंत्र बांधले होते. अंगठ्यांनी दाबायच्या कळांचे एक यंत्र आणि ग्राफिटीचे दुसरे, अशी दोन्ही त्यांनी बाजारात ठेवली. पुढल्या ट्रीओंमध्ये कळाच राहिल्या. माणसाने नवी बाराखडी शिकावी, हे मागणेही अशा रीतीने मागे घेतले गेले.

गुण देताना उणेही मांडले पाहिजे. पडदा कृष्णधवल होता. बॅटरी बदलता येत नसे. पायलटच्या सगळ्याच कुळाचा एक दोष त्यातही होता: वीज पुरती संपली, तर आतली टिपणे पुसली जात, संगणकाला जोडून त्यांची नक्कल ठेवावी लागे. पुढे रंगीत पडदा आला आणि २००३ च्या ट्रीओ ६०० मध्ये कॅमेराही आला. विजेवाचून टिकणारी स्मृती २००४ च्या ट्रीओ ६५० मध्ये आली. कंपनी मात्र टिकली नाही. २००३ मध्ये हँडस्प्रिंग पाममध्ये विलीन झाली, २०१० मध्ये पाम एचपीने विकत घेतली आणि २०११ मध्ये ही यंत्रे काढणेच थांबले. तोवर २००७ चा आयफोन येऊन सारी रीत पालटली होती. पण फोन आणि वही वेगळी नकोत, हा मुद्दा तोपर्यंत सिद्ध झालेला होता.

म्हणजे माझे उत्तर चुकले. यंत्र टिकले नाही, जोडणी टिकली. आणि मी नापास केली होती ती जोडणी. माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीतल्या सुखराम यांच्याशी केले. आणि २००२ मध्येदेखील येणाऱ्या फोनला आपण पैसे मोजत होतो. कोणी आपल्याला फोन केला तरी खर्च आपला, अशा दिवसांत मास्तरच्या पगारात बसून मी निकाल दिला होता.

तथापि त्या यंत्राचे एक मागणे कोणत्याही अमेरिकन परीक्षकाला दिसणे शक्य नव्हते. मलाही ते वर्षभराने दिसले.

त्या दिवाळीत भावोजींनी आबांच्या वहीतले नंबर आपल्या यंत्रात उतरवून घेतले होते. मी वाचून दाखवायचो, ते अंगठ्याने टिपायचे. अर्थात रोमन अक्षरांत. दुसरी अक्षरेच तेथे नव्हती. आमच्या गल्लीत तळवार राहत. कॅम्पात लष्करातून निवृत्त झालेले एक पंजाबी सुभेदार राहत, त्यांचे आडनाव तलवार. आबांशी त्यांची बाजारातली ओळख. आबांच्या वहीत दोघांचा घोटाळा होण्याचे कारणच नव्हते. यंत्रात मात्र दोघेही 'टी-ए-एल-डब्ल्यू-ए-आर' झाले.

२००३ च्या पावसाळ्यात आबांना एकाएकी रुग्णालयात न्यावे लागले. अक्काला मी कसाबसा निरोप दिला आणि त्याच रात्री आमचा टेलिफोन पावसाने मुका झाला. तिकडे अक्काचा जीव थाऱ्यावर नाही. शेजारच्या तळवारांना विचारावे म्हणून भावोजींनी यंत्रातले नाव दाबले आणि रात्री दोन वाजता घंटी वाजली ती कॅम्पात. त्या भल्या माणसाने "रॉंग नंबर" म्हणून फोन ठेवला नाही. सगळे ऐकून घेतले आणि भर पावसात स्कूटर काढून ते आधी आमच्या घरी व मग रुग्णालयात आले. आबांना पाहून, एसटीडी बूथ उघडेपर्यंत थांबून, अक्काला त्यांनी स्वतः कळवले, "घाबरू नकोस बेटी, तुझे वडील चहा मागत आहेत."

आबा बरे झाले. सगळी हकिकत ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एवढ्या किमतीच्या यंत्राला 'ळ' येत नाही?"

कोणत्या कंपनीचे यंत्र ते सांगण्याचे कारण नाही. तेव्हाच्या असल्या सगळ्याच यंत्रांची तीच कथा. आबांचा प्रश्न मात्र मला फार मोलाचा वाटतो. 'ळ' मराठीला आहे, कानडीलाही आहे. आमच्या सीमाभागात दोन्ही भाषांची माणसे ज्या अक्षरावर आपापली गावे आणि आडनावे तोलतात, ते अक्षर त्या यंत्रात नव्हते. असे नाही, की जगाला त्याची खबर नव्हती. सर्व लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला संगणकावर एक क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि कन्नडही होती. परंतु खिशातल्या यंत्रापर्यंत ते 'ळ' पोचायला आणखी बरीच वर्षे जायची होती. ग्राफिटीने अमेरिकनाकडे 'ए'ची एक रेघ मागितली. आमच्याकडे सगळी लिपीच मागितली. आणि आम्ही ती देऊन टाकली, कुरकुर न करता. अजूनही आपली कितीतरी मुले मराठी आणि कानडी निरोप रोमन अक्षरांत धाडतात, वास्तविक आता फोनला दोन्ही भाषा उत्तम येतात.

तेव्हा फेरतपासणीचा निकाल असा: 'टिकेल काय' या प्रश्नाचे माझे उत्तर चूक, शून्य गुण. पण 'ते काय मागते' हा प्रश्न मी त्या दिवशी विचारलाच नाही. तो आबांनी विचारला. गुण त्यांचे.

आबा आता नाहीत. वही माझ्या कपाटात आहे. 'त'च्या पानावर दोन नावे एकाखाली एक आहेत आणि रुग्णालयातून परतल्यावर आबांनी त्यांपुढे लाल शाईने थरथरत्या अक्षरांत लिहिले आहे. पहिल्यापुढे: 'ळ. गल्लीतले.' दुसऱ्यापुढे: 'ल. कॅम्पातले. रात्री पावसात आले होते. विसरू नये.'